पहाऱ्याचं वाक्य

आमच्या कंपनीत ते नाटक संडासाच्या दाराशीही चालायचं. आत कुणी जास्त वेळ लावला की बाहेरचा ओरडायचा, "आत कोण आहे?" आणि आतून खणखणीत उत्तर यायचं, "आत मी आहे, आणि पाच दिवसांचा काळोख." मग बाहेरचा म्हणायचा, "काळोख राहू दे, तू तेवढा बाहेर ये." हे शेवटचं सोडलं तर बाकी शब्द न् शब्द नाटकातला.

नाटक फार जुनं. त्याचं खरं नाव लांबलचक होतं, पण आम्ही त्याला दाराचं नाटक म्हणायचो. एका शहरात साथ येते. ज्या घरात आजार शिरला ते घर, आत माणसं असतील तशी, बाहेरून कडी घालून बंद करायचं आणि दारात पहारेकरी उभा करायचा, असा हुकूम निघतो. एका घरात एक मुलगी अडकते. बाहेर पहाऱ्याला एक तरुण. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. दुसरा अंक म्हणजे सगळं या दोघांचं दारातून बोलणं. मग एका सकाळी ती हाकेला ओ देत नाही. तिसऱ्या अंकात तो हुकूम मोडून दार उघडतो, तर ती गेलेली. तो आत जातो आणि आतून कडी लावतो. कडीचा आवाज झाला की पडदा.

लोक यायचे ते दुसऱ्या अंकासाठी. ती म्हणायची, "दार उघडू नकोस. फक्त दाराला हात लाव." तो म्हणायचा, "लावला. लाकूड कोमट आहे. पलीकडे तू आहेस की ऊन?" ती म्हणायची, "ऊन असते तर फटीतून केव्हाच तुझ्यापाशी आले असते." मग ते कडीचं. "कडी तुझ्या हाताशी आहे ना?" "कडी हाताशी आहे, पण हात माझा नाही." आणि अगदी शेवटी ती म्हणायची, "उद्या मी ओ दिली नाही, तर समज, मला झोप लागली." त्यावर पहारेकरी सगळ्या थिएटरला ऐकू जाईल असं म्हणायचा, "झोप. मी पहाऱ्याला आहे." पडदा. टाळ्यांच्या आधी नाकं शिंकरल्याचे आवाज यायचे. प्रेमात पडलेली पोरं ही वाक्यं चिठ्ठ्यांत लिहायची.

कंपनीत एक नियम होता. नाटकातलं वाक्य कुणी कुठेही बोललं, की ज्याच्या कानावर पडेल त्याने पुढचं म्हणायचंच. वाक्य लोंबकळत ठेवायचं नाही, ठेवलं की अपशकुन. दिवेवाल्याने एकदा ठेवलं आणि दिवा त्याच्या पायावर पडला, असं सांगायचे. तो दिवा त्यानेच नीट आवळला नव्हता, पण नियम तो नियम. रोज घरी निघताना एक जण म्हणायचा, "उद्या मी ओ दिली नाही तर..." आणि दुसरा "झोप, मी पहाऱ्याला आहे" म्हणत छत्री उचलून चालू लागायचा.

मी कपडेपट सांभाळायचे. धुणं, इस्त्री, उसवलेलं शिवणं. सगळे मला मावशी म्हणायचे. तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. कुठला कपडा कुणाचा ते कळावं म्हणून आतल्या बाजूला रंगीत दोऱ्याचा टाका घालायचे, पहारेकऱ्याला लाल, कंपनीच्या मोठ्या नटीला, म्हणजे बाईंना, निळा. पण नाटक मला पहिल्या हाकेपासून शेवटच्या कडीपर्यंत पाठ होतं. कुणी वाक्य खाल्लं की विंगेतून माझे ओठ हलायचे. आणि तिसरा अंक सुरू झाला की रोज, न चुकता, मी हातातल्या कपड्याने डोळे पुसत पहारेकऱ्याला शिव्या घालायचे. "आता उघडतोयस होय रे मेल्या. काल काय हात झडले होते?"

मुलीचं काम बाई करायच्या. मुलगी सोळा वर्षांची, बाई बावन्नच्या. चालून जायचं, कारण मुलगी दिसतच नाही, नुसता आवाज. दार स्टेजच्या मधोमध उभं असायचं आणि त्याच्या मागे बाई स्टुलावर बसून, सुजलेले पाय गरम पाण्याच्या घमेल्यात सोडून असं बोलायच्या की पहिल्या रांगेतल्या पोरांचे कान लाल व्हायचे. पण तिसऱ्या अंकात दार उघडल्यावर जे दिसायचं त्याला बाई चालणाऱ्या नव्हत्या. तिथे कोवळं अंग हवं. ते काम माझ्या भाचीकडे आलं.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी ती. बहीण एका गोड बोलणाऱ्या माणसाबरोबर गेली, चौथ्या वर्षी कडेवर पोर घेऊन परत आली आणि पाचव्या वर्षी वारली. माणूस वाईट नव्हता, असं ती शेवटपर्यंत म्हणत होती. त्याच्याजवळचं बोलणं संपलं, एवढंच. पोर माझ्याकडे कपडेपटात वाढली. ट्रंकांवर झोपली, बटणांशी खेळली. सतराची झाली तेव्हा मालकांनी विचारलं, "मावशी, तुमच्या पोरीला स्वस्थ पडून राहता येईल का?" मी म्हटलं, "घरी दुसरं काय करते?" सगळे हसले आणि काम ठरलं. तेव्हापासून कंपनीत तिचं नाव मढं. "मढं आलं का?" "मढं चहा पितंय." "त्या मढ्याला सांगा, आज शिंकू नकोस, परवा पहिल्या रांगेने पाहिलं." तीही ओ द्यायची. मला ते आवडायचं नाही, पण मीसुद्धा एक-दोनदा म्हटलं असेल.

दुसऱ्या अंकात तिला काम नव्हतं, पण बाईंना पाण्याचा पेला द्यायला आणि शेवटी घमेलं न वाजवता उचलायला ती दारामागे बसायची. तिथे तिसराही एक असायचा. आमच्या स्टेजची जमीन एका बाजूला उतरलेली होती, खऱ्या लाकडाचं ते दार नुसत्या टेकूंवर डुलायचं. म्हणून ते ज्याने बनवलं होतं तो सुतार पाठ लावून दार धरून बसायचा. पंचविशीतला पोरगा, बोलायला महाकंजूष. जेवलास का विचारलं तर मान हलवायचा. हो की नाही ते आपण ठरवायचं. तर असे तिघे पाऊण तास त्या अंधारात. आवाज करायला बंदी. बोलायचं फक्त बाईंनी.

मला कळलं ते धुण्यातून. मेलेल्या मुलीच्या पांढऱ्या झग्याच्या उजव्या बाहीवर सरसाचा डाग निघाला. सुतार लोक लाकूड चिकटवायला वापरतात तो सरस. चार बोटं स्पष्ट उमटलेली. मी गरम पाण्यात भिजवून काढला. पुढच्या प्रयोगाला पुन्हा. तिसऱ्या वेळी डाव्या बाहीवर. मी झगा तिच्यासमोर धरला.

"हे काय गं?"

"डाग."

"ते मलाही दिसतंय. कशाचा?"

"दाराचा असेल."

"दाराला बोटं कधी फुटली?"

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. मग म्हणाली, "मावशी, बाई बोलतात ना, तेव्हा मी त्याच्याकडे बघते. आणि पहारेकरी बोलतो तेव्हा तो माझ्याकडे बघतो."

"आणि तुम्ही दोघं काय बोलता?"

"आम्ही कशाला बोलायचं? सगळं बोलून होतंच की."

मला हसावं की थोबाडीत मारावी ते कळेना. मी बाईंकडे गेले. बाईंना सगळं ठाऊक होतं. पाय पुसत म्हणाल्या, "दोन वर्षं मी त्या दोघांसाठीच बोलतेय. पहारेकऱ्याला कोण विचारतो? तो तर माझ्या वाक्याला जांभया देतो."

"बाई, तुम्ही तरी मला सांगायचंत."

"काय सांगायचं? पोरगी वीस वर्षांची आहे. तू वीसची असताना काय करत होतीस?"

"इस्त्री."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या.

त्यानंतर महिन्याभराने सुतार कपडेपटाच्या दारात येऊन उभा राहिला, हातातली टोपी गरागरा फिरवत. "नेतो," म्हणाला.

"काय नेतोस? ट्रंक?"

"तिला."

लांबच्या एका बंदरात त्याला काम मिळालं होतं, जहाजांच्या आतल्या खोल्यांचं लाकूडकाम. शनिवारी चारच्या गाडीने निघायचं होतं. ठेवणार कुठे विचारलं तर म्हणाला, "खोली बघेन."

"बघेन म्हणजे अजून बघितली नाहीस. मग असं कर, आधी तू जा. खोली घे, वर्ष काढ, मग ये. मी स्वतः हिचा हात तुझ्या हातात देईन."

तो माझ्याकडे बघत राहिला. एखादं वाक्य जुळवत असावा, पण ते काही बाहेर आलं नाही. बोलली ती.

"वर्ष नको मावशी. वर्ष नाही जमणार."

"का? वर्षाला काय शिंगं आहेत?"

तिने खाली बघितलं. अगदी असंच माझ्या बहिणीने बघितलं होतं, फरशीच्या त्याच सांध्याकडे बघावं तसं. मी ठरवून टाकलं. हिला मी जाऊ देणार नव्हते. गाडी एकदा सुटू दे, मग पुढचं पुढे.

बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "रोज विंगेत उभी राहून त्या पहारेकऱ्याचा उद्धार करतेस तू."

"ते नाटक आहे, बाई."

शनिवारी प्रयोग साडेसहाचा होता. दोन वाजता थिएटरात कुणी नसतं. मंडळी जेवून आडवी झालेली, मालक पुढे तिकिटाच्या खिडकीशी. कपडेपटाला बाहेरून कडी होती, चोऱ्या होऊ लागल्यापासून बसवलेली. मी इस्त्रीचं टेबल आधीच बाहेर बोळात काढून ठेवलं होतं. तिला म्हटलं, "आत जा, मोठ्या ट्रंकेच्या तळातला मखमली डगला काढ." ती गेली. सकाळपासून तिचा चेहरा उतरलेला होता, जेवलीही नव्हती. जायच्या घालमेलीने असेल असं मला वाटलं. मी कडी घातली.

"मावशी, दार लागलं."

"लागलं नाही, लावलंय."

"किती वेळ?"

"चारची गाडी सुटेपर्यंत. सव्वाचारला काढते. मग काय शिव्या द्यायच्या त्या दे, मी बसून ऐकेन."

तिने दार बडवलं. रडली. तो वाट बघेल, म्हणाली. मी म्हटलं, वाट बघून कुणी मेलं नाही. मग ती गप्प झाली आणि मी कॉलरी करायला घेतल्या. पाणी शिंपडायचं, गुंडाळी करून ठेवायची, ओलावा मुरला की इस्त्री फिरवायची. हात चालू होते. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

पावणेतीनच्या सुमाराला आतून आवाज आला. "मावशी, पोटात दुखतंय."

"दुखणारच. सकाळपासून पोटात काही नाही."

"तसं नाही. खूप दुखतंय. खरंच गं."

"नाटकं करू नकोस."

गेल्याच आठवड्यात ती पोटदुखीचं सांगून तालमीतून सुटली होती आणि सुतारखोलीत भुशाच्या पोत्यावर बसलेली सापडली होती. तेव्हाही "खरंच गं" म्हणाली होती.

थोड्या वेळाने, "मावशी, आता खांदा दुखतोय."

मला हसू आलं. "एक काहीतरी ठरव बाई. पोट की खांदा? सोंग घ्यायचं तर एका जागी घ्यावं, जरा बाईंकडून शिकून घे." हे मला फार जमल्यासारखं वाटलं. संध्याकाळी बाईंना सांगायचं असं मी मनात धरलं.

"थंडी वाजतेय मावशी."

"डगला काढलास ना? तो घाल."

कापड ओढल्याचा आवाज आला. ट्रंकेचं झाकण पडलं. नंतर बराच वेळ काही नाही. मी दोन डगले आणि बाईंचा परकर संपवला. मग दाराच्या अगदी खालच्या बाजूने, जमिनीलगत, ती बोलली. आवाज बारीक, पण शब्द स्वच्छ.

"बाहेर कोण आहे?"

दुसऱ्या अंकाचं पहिलं वाक्य. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. म्हटलं, रुसवा संपला, पोरगी थट्टेवर आली. नियमाप्रमाणे मी म्हटलं, "बाहेर रस्ता आहे, आणि रस्त्यावर मी."

"दार उघडू नकोस. फक्त दाराला हात लाव."

मी इस्त्री उभी ठेवली आणि खरोखरच दाराला तळहात लावला. "लावला. लाकूड कोमट आहे. पलीकडे तू आहेस की ऊन?"

"ऊन असते तर..." इथे ती थांबली. श्वास घेतला. "फटीतून केव्हाच तुझ्यापाशी आले असते."

बाईंनी हे वाक्य हजार वेळा म्हटलं असेल, पण असं कधी म्हटलं नव्हतं. बाई ते आळवायच्या. हिने ते नुसतं ठेवलं, पाण्याचा पेला खाली ठेवावा तसं. मी विचार केला, म्हणजे तीन वर्षं नुसतं पडून राहिलेलं हे मढं सगळं ऐकत होतं! मालकांना सांगायला हवं. बाई थकल्या आहेत, पुढेमागे हे काम हिच्याकडेच यायला हवं. दाराला हात लावून मी हा विचार करत होते.

"उद्या मी ओ दिली नाही..."

"अगं, कडीचं खाल्लंस की! मधली दोन वाक्यं गेली."

"...तर समज..."

"मागे जा. 'कडी तुझ्या हाताशी आहे ना', तिथून घे."

"मावशी, म्हण ना."

"चुकीचं कसं म्हणू? कडीचं आल्याशिवाय माझं वाक्य येतच नाही."

"म्हण ना गं."

आणि तिने पुन्हा पहिल्यापासून घेतलं, हळूहळू, एकेक शब्द. "उद्या मी ओ दिली नाही, तर समज, मला झोप लागली."

वाक्य लोंबकळत ठेवता येत नाही. मी पहारेकऱ्यासारखा आवाज लावून म्हटलं, "झोप. मी पहाऱ्याला आहे." रिकाम्या थिएटरात ते चांगलं घुमलं.

"हं," ती म्हणाली.

तेव्हा साडेतीन झाले असतील. त्यानंतर आतून काही आलं नाही. लहानपणी रडून रडून ट्रंकेवर झोपायची तशी झोपली असेल असं मला वाटलं. तिची झोप मोडू नये म्हणून इस्त्री टेकवताना मी खाली फडकं घालत होते.

चार वाजता बाजाराच्या टोकाला गाडीचा भोंगा वाजला. मी हात पुसले आणि स्टुलावर बसले. सुटले एकदाची, म्हटलं. दहा मिनिटं झाली असतील तोच बोळात पावलं वाजली. सुतार. एका हातात हत्यारांची पेटी, दुसऱ्या हातात बोचकं.

"गाडी चुकली वाटतं?" मी म्हटलं.

"सोडली." मग, "कुठे आहे ती?"

"झोपलीय. हळू बोल."

त्याने दाराकडे बघितलं, कडीकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं. पेटी खाली ठेवली. "थांब, मी काढते," मी म्हणाले, पण तोवर त्याने काढली होती.

दार बाहेर उघडत असे. ते उघडलं तसा तिचा हात बोळात पडला. ती दाराला लागूनच होती, मखमली डगला अंगावर, तळहात दाराला लावलेला. चेहरा खडूसारखा. तीन वर्षं मी तिला तशीच पडलेली बघत होते, रोज पावडर लावून. माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही की, आज हिने पावडर जास्त लावलीय.

श्वास होता. मालकांची गाडी काढली. सुताराने तिला मांडीवर धरलं होतं, मी पुढे बसले होते आणि मागे वळून बघायची मला हिंमत नव्हती. दवाखान्यात तिला ताबडतोब आत नेलं. साडेपाचला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तिला दिवस गेले होते. गर्भ पोटात जागच्या जागी न राहता नळीत राहिला होता. नळी फुटली आणि आतल्या आत रक्त साठत गेलं. बाहेर एक थेंबही दिसत नाही, म्हणाल्या.

"खांदा दुखतो असं काही म्हणाली होती का?"

"हो," मी म्हटलं.

"होतं तसं यात. केव्हा?"

"तीनच्या आसपास."

त्यांनी ते लिहून घेतलं. लिहिताना माझ्याकडे बघितलं नाही. तीनला आणली असती तर वाचली असती, हे त्या म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही. आम्हा दोघींनाही ते माहीत होतं.

बाकावर मी आणि सुतार बसलो होतो. त्याच्या पँटवर भुसा होता, तो एकेक कण उचलत होता. मधेच म्हणाला, "किती वेळ बोलत होती?"

"थोडा वेळ."

"काय म्हणाली?"

"नाटकातलं."

त्याने मान हलवली. या वेळी ती हो होती. "आम्हाला तेवढंच येत होतं," तो म्हणाला.

मी काय उत्तर दिलं ते त्याने विचारलं नाही. मी सांगितलंही नाही. आजवर कुणालाच नाही.

त्या दिवशी मालकांनी खिडकीशी उभं राहून लोकांना परत पाठवलं. सोमवारी नाटक झालं. तिसऱ्या अंकात दारामागे चादरीखाली जुन्या कपड्यांचं गाठोडं ठेवलं होतं. ते मीच बांधून दिलं. कंपनीत पुन्हा कुणी मढं हा शब्द काढला नाही, आणि संडासाशी लोक नुसतं दार वाजवायला लागले. घरी निघताना "येतो" म्हणायचे. नियम मोडला असं कुणी बोललं नाही. तो आपोआप पडला.

सुतार जाण्याआधी एकदा कपडेपटाकडे आला. मी आत शिवत होते. त्याने पेटी उघडली, कडीचे चार स्क्रू काढले, कडी खिशात घातली, भोकांत लाकूड बुजवायची लांबी भरली, अंगठ्याने सारखी केली आणि गेला. माझ्याशी एक शब्द नाही. त्यानंतर त्याची काही खबर नाही. तो दरवाजा पुढे नुसता ओढून घेतलेला असायचा. चोरी एकदाही झाली नाही.

पंधरा वर्षांनी बाईंचे डोळे गेले. त्यांना कुणी नव्हतं, मलाही नव्हतं, मी त्यांच्या खोलीवर राहायला गेले. त्यांना एकच हौस उरली होती, कुणीतरी वाचून दाखवावं. म्हणाल्या, "तू शीक. त्रेसष्ट म्हणजे काही वय नाही, मी बावन्नाव्या वर्षी सोळाची होते." त्यांच्याकडे दाराच्या नाटकाचं छापील पुस्तक होतं, पिवळं पडलेलं, कडा कुरतडलेलं. शब्द मला पाठच होते. मी एकेक शब्द म्हणायचा, त्यावर बोट ठेवायचं, अक्षरांचे आकार त्यांना तोंडी सांगायचे, आणि त्या म्हणायच्या, हो, तो 'द', तो 'र'. अशी मी अक्षरं शिकले. आठवड्याला एखादं पान. पहिल्या अंकाला पावसाळा गेला, दुसऱ्याला हिवाळा. दुसऱ्या अंकाचं शेवटचं पान आलं तोवर मी बोट न ठेवता वाचत होते.

"उद्या मी ओ दिली नाही, तर समज, मला झोप लागली," मी वाचलं. खालचं वाक्य वाचायची गरजच नव्हती. तरी बघितलं. तिथे ते नव्हतं. कंसात बारीक अक्षरं होती. मी दोनदा वाचली, मग मोठ्याने वाचली.

"पहारेकरी काही बोलत नाही. कडी काढतो. दाराला हात लावून उभा राहतो. पुन्हा कडी लावतो. पडदा."

बाई ऐकत होत्या.

"बाई, पहाऱ्याचं वाक्य कुठे गेलं?"

"ते पुस्तकात नाही."

"नाही म्हणजे?"

"लिहिणाऱ्याने लिहिलेलंच नाही. आपल्या पहारेकऱ्याच्या आधी जो होता ना, त्याच्या वेळची गोष्ट. मी नवीन होते. एका प्रयोगाला कडी अडकली. त्याने ओढली, ढकलली, निघेना. लोक बघतायत. घाबरून काहीतरी बोलायचं म्हणून तो ते बोलला. झोप, मी पहाऱ्याला आहे. अशा टाळ्या पडल्या! मालक म्हणाले, राहू दे."

"आणि कडी?"

"ती मधल्या वेळात तेव्हाच्या सुताराने ठोकून सैल केली. तिसऱ्या अंकात निघाली की व्यवस्थित."

"म्हणजे दुसऱ्या दिवशी ती निघत होती."

"त्याच दिवशी. पंधरा मिनिटांत."

"मग दुसऱ्या दिवशी त्याने ती का नाही काढली?"

बाईंनी माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड केलं. "लोकांना वाक्य आवडलं होतं गं," त्या म्हणाल्या.

बाहेर कुणीतरी पाण्याची बादली ओढत होतं. ते थांबलं. मग बाई म्हणाल्या, "वाच पुढे." मी पान उलटलं.

तिसरा अंक पहारेकऱ्याच्या हाकेने सुरू होतो.

"आत कोण आहे?" मी वाचलं आणि सवयीने थांबले. बाई काही बोलल्या नाहीत. पुस्तकातही तिथे उत्तर नाही. ती हाक तीनदा लिहिली आहे, एकाखाली एक. मी तिन्ही वेळा वाचली.